निघण्याआधी टायमिंग बेल्ट बदल

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत मुलांना घेऊन गोध्रा-दाहोदमार्गे इंदूरला जायचं ठरवलंयस. डस्टर 2016ची, डिझेल, 68,000 किलोमीटर झालेली, आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल आधीच्या मालकाकडे नाही. तेव्हा तो बदललेला नाही असंच धर आणि निघण्याआधी बदल. हा दातेरी रबरी पट्टा क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) जोरावर कॅम, म्हणजे हवा आत-बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, फिरवतो.

गाडी छान पळतेय यावर जाऊ नकोस. बेल्ट बहुतेकदा काही न सांगता तुटतो. रबर किलोमीटरने झिजतं तसं वर्षांनीही कडक होतं; इंजिनागणिक साधारण 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा ठरावीक वर्षं, जे आधी येईल ते. तुझ्या गाडीला वर्षंच जास्त झालीत. 3,000 आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, पिस्टन वर येतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

नुसता बेल्ट घेऊ नकोस. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही नवा घाल. तुझ्या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही जाईल. पंप काढला म्हणजे कूलंट नवा आलाच. जुना बेल्ट तेलकट निघाला तर आधी गळणारं ऑइल सील बदलून घे, तेलाने रबर फुगतं.

मेकॅनिककडे कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना आहेत का, हे आधी विचार. व्हाइटनरच्या खुणांवर बेल्ट चढवणाऱ्याकडे ही गाडी देऊ नकोस, एक दात सरकला तरी व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग चुकतं. बेल्ट बसला की पिना काढून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हाताने दोन पूर्ण फेरे द्यायचे (तेवढ्यात कॅमचा एक होतो) आणि पिना पुन्हा सहज बसतात का पाहायचं. मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही, बेल्ट परत काढायचा. त्याआधी स्टार्टर मारू देऊ नकोस. क्रँकचा बोल्टही नवाच, टॉर्क पान्याने आवळलेला.

वहिनींच्या पेट्रोल स्विफ्टला बेल्टऐवजी चेन आहे, तिला अशी मुदत नसते. पण चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून ऑइल वेळेवर बदलत राहा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड झाली, तर आधी ऑइलची पातळी बघ. तरी राहिली तर चेन, गाइड (चेनला मार्गात धरणाऱ्या पट्ट्या) आणि टेन्शनर एकदमच बदलायचे.

बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्यायला विसरू नकोस.

तुझा,
अविनाश