हायड्रोजन आधी खताला द्या, बसचं नंतर बघू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रीन हायड्रोजनचा, म्हणजे सोलर-वाऱ्याच्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनचा, विषय निघाला की सगळे एकच विचारतात, पाण्यावर चालणारी गाडी कधी येणार? मी नोकरीची सगळी वर्षं खत कारखान्यात अमोनिया प्लँटवर काढली, आता रिटायर होऊन पुण्यात राहतो, आणि मला मनापासून वाटतं की आपण भलतीकडेच बघत बसलोय.

जानेवारी २०२३ मधे केंद्राने १९,७४४ कोटींचं ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट. चांगलंच आहे. पण हायड्रोजन आपल्याकडे नवीन नाहीये, देशात आजही वर्षाला साधारण तेवढाच बनतो आणि जवळपास सगळा रिफायनरीत आणि खतासाठी लागणारा अमोनिया बनवण्यात जातो, फक्त तो रिफॉर्मर नावाच्या भट्टीत नैसर्गिक गॅस आणि वाफेपासून काढतात आणि एका किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात. वर देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो. २०२२ मधे युक्रेनचं युद्ध पेटलं, गॅस आणि खतं कडाडली आणि त्या वर्षी खताची सबसिडी अडीच लाख कोटींवर गेली, म्हणजे शेतकऱ्याला गोणी स्वस्त मिळाली तरी पैसे आपल्या सगळ्यांच्याच खिशातून गेले ना!

आता बसचं. पाषाणच्या एनसीएलने (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) केपीआयटी कंपनीबरोबर केलेली फ्युएल सेल बस, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करून चालणारी बस, ऑगस्ट २०२२ मधे पुण्यातच दाखवली, त्या संशोधकांचा मला खरंच अभिमान आहे. पण हिशोब बघा, शंभर युनिट वीज घेऊन पाण्यातून हायड्रोजन काढा, तो दाबून टाकीत भरा, मग बसमधे त्याची परत वीज करा, चाकापर्यंत तीसेक युनिट पोचतात. तीच वीज बॅटरीत भरली तर सत्तरच्या वर पोचते. पीएमपीच्या ई-बस २०१९ पासून शहरात धावतायत, मग त्याच कामाला दुप्पट वीज कशाला घालवायची? आणि वीज थोडीथोडकी लागत नाही, एका किलोला पन्नास-पंचावन्न युनिट, म्हणजे ५० लाख टनांना निदान २५,००० कोटी युनिट, आज देशात वर्षाला जेवढी वीज तयार होते त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. ती खरोखर सोलर आणि वाऱ्याचीच पाहिजे, दिवसा ग्रिडला सोलर दिली आणि रात्री त्या नावावर कोळशाची घेतली तर काय उपयोग.

पाण्याबद्दल लोक जास्त घाबरतात. किलोला नऊ लिटर धरलं तर सगळ्या टार्गेटला वर्षाला दीड-पावणेदोन टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, शुद्धीकरण आणि कूलिंग धरून दोन-तीन पट समजा. आपल्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता २९ टीएमसी आहे, त्यामुळे देशाच्या मानाने हे पाणी फार नाही. पण प्लँट दुष्काळी तालुक्यात टाकला तर तिथल्या लोकांचं मरण आहे, म्हणून जागा बघूनच परवानगी द्यावी.

खतात सुद्धा सुरुवात डीएपी आणि १०:२६:२६ सारख्या मिश्र खतांपासून व्हावी. युरियाला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो आणि तो प्लँटमधे गॅसमधूनच मिळतो, त्यामुळे तिथे बदल अवघड आहे. डीएपीला फॉस्फोरिक ॲसिडबरोबर नुसता अमोनिया पुरतो, कार्बन डायऑक्साइड लागत नाही, आणि अमोनिया आपण आजही बाहेरून जहाजाने आणतो. २०२५ मधे खत कारखान्यांसाठी वर्षाला सव्वासात लाख टन ग्रीन अमोनियाचे लिलाव झाले, भाव किलोला साधारण ५० ते ६५ रुपये निघाले. माझ्या मते या मिशनमधलं आतापर्यंतचं सगळ्यात कामाचं पाऊल हेच, आणि त्याची चर्चा मी कुठेच ऐकली नाही. पण एवढ्या अमोनियाला हायड्रोजन लागतो फक्त सव्वा लाख टनांच्या आसपास. टार्गेट ५० लाखांचं आहे, मग बाकीचा घेणार कोण? नुसता एक्सपोर्टच्या भरवशावर राहिला तर बाहेरच्या गिऱ्हाईकाने हात वर केले की प्लँट बंद.

म्हणून माझी मागणी एवढीच की रिफायनरी आणि मिश्र खतांच्या कारखान्यांना दरवर्षी ठराविक टक्के ग्रीन हायड्रोजन किंवा अमोनिया वापरणं सरकारने सक्तीचं करावं, टक्केवारी आत्ताच जाहीर करावी आणि वाढीव खर्च गोणीच्या किमतीत शेतकऱ्यावर टाकू नये. तुमच्या पेपरने पुण्याच्या आणि आसपासच्या खासदारांना हे विचारावं, आणि त्यांची उत्तरं छापावीत ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे