मुनी पाँड्सच्या बाई आणि गवळणीतली मावशी

मेलबर्न

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात मी यंदा बाईची भूमिका करणार आहे, असे गेल्या रविवारी सांगितले, तेव्हा बाबा, तुम्ही काही न बोलता फोन आईच्या हातात दिलात, आणि आई, तू विचारलेस, "एवढ्या लांब जाऊन हेच करायचं राहिलं होतं का रे?" त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. अशा गोष्टी फोनवर धड बोलता येत नाहीत, म्हणून पत्र लिहितो आहे. ज्या नटामुळे मी ही भूमिका मागून घेतली, त्याची हकिगत तुम्ही दोघांनी शांतपणे वाचावी, एवढीच विनंती आहे.

त्यांचे नाव बॅरी हम्फ्रीज. १७ फेब्रुवारी १९३४ रोजी ते याच मेलबर्नमध्ये जन्मले आणि कॅम्बरवेल या उपनगरात वाढले. वडील घरे बांधण्याच्या व्यवसायात होते. घरी कशाची वाण नव्हती, मात्र पुस्तकवेड्या मुलाचे काय करावे, हे त्या नीटनेटक्या घराला कधी उमगले नाही. एके दिवशी त्यांनी घरी येऊन पाहिले, तर त्यांची पुस्तके नाहीशी झाली होती. आईने ती सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मादाय संस्थेच्या माणसाला देऊन टाकली होती, आणि मुलाने जाब विचारल्यावर तिचे म्हणणे एवढेच होते की, ती तर तुझी वाचून झाली होती. हे वाचताना मला आपल्या माळ्यावरची मासिके आठवली, जी तू दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला दिली होतीस, आणि माझे रडणे पाहून तुला मनापासून नवल वाटले होते. तुमच्या दोघींच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता. हम्फ्रीज यांनी मात्र ती गोष्ट जन्मभर सांगितली, आणि त्यांच्या विनोदाचे मूळ मला तिथेच दिसते.

१९५५ साली ते एका नाटक मंडळीबरोबर शेक्सपिअरचे 'ट्वेल्फ्थ नाइट' घेऊन व्हिक्टोरिया राज्याच्या गावोगावी बसने फिरत होते. गावातल्या प्रतिष्ठित बाई प्रयोगानंतर चहा-फराळ मांडत आणि आभाराचे भाषण करीत. पुढच्या गावी कोणते भाषण ऐकावे लागणार, ते हम्फ्रीज बसमध्येच बारीक आवाज काढून सहकाऱ्यांना ऐकवत असत. त्याच वर्षी डिसेंबरात मेलबर्न विद्यापीठाच्या युनियन थिएटरमध्ये छोट्या प्रवेशांचा एक कार्यक्रम व्हायचा होता. पुढच्या वर्षी शहरात ऑलिंपिक भरणार असल्याने परदेशी खेळाडूंना कोण घरात जागा देणार, याची चर्चा होती. त्यावरून हम्फ्रीज यांनी एक प्रवेश लिहिला: मुनी पाँड्स उपनगरातल्या एक गृहिणी, मिसेस एव्हरेज, आपली खोली द्यायला येतात आणि घरातल्या एकेका वस्तूचे कौतुक सांगत बसतात. 'अ‍ॅव्हरेज' म्हणजे सर्वसाधारण, या शब्दाचा इथला उच्चार त्या आडनावात आहे. ही भूमिका खरे तर एका अभिनेत्रीने करायची होती. तिला सवड नव्हती, तेव्हा ती तुम्हीच करा, असे दिग्दर्शक रे लॉलर यांनी सुचवले. इंग्लंडच्या पँटोमाइम नावाच्या विनोदी संगीत नाटकांत थोराड बाईचे काम पुरुषाने करण्याची जुनी चाल होतीच.

मिसेस एव्हरेज यांचे नाव एडना. ती पहिली एडना दिसायला अगदी साधी होती. जांभळट केस, टोके वर उडालेला चमचमता चष्मा आणि राणीचा थाट हे सगळे पुढच्या वीस वर्षांत येत गेले. १९७४ च्या एका चित्रपटात तर ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलॅम यांनी स्वतः पडद्यावर येऊन तिला 'डेम' हा, बायकांना मिळणारा 'सर'सारखा किताब बहाल केला, आणि पडद्यावरचा तो किताब लोकांनी खराच मानला. हम्फ्रीज तिच्याविषयी नेहमी दुसऱ्या कुणा बाईविषयी बोलावे तसे बोलत.

ही वाट सोपी नव्हती. १९५९ साली ते लंडनला गेले, तिथे 'ऑलिव्हर!' या संगीतिकेत शवपेट्या विकणाऱ्याचे काम मिळाले, पण एडना तिथे लगेच रुजली नाही. त्यातच दारूने त्यांना पुरते ग्रासले. १९७० च्या सुमारास रुग्णालयात उपचार घेऊन ते त्यातून बाहेर पडले आणि नंतर मरेपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. त्यांचे सगळे मोठे यश त्यानंतरचे आहे. १९७६ मध्ये लंडनने एडनाचा 'हाउसवाइफ सुपरस्टार' हा कार्यक्रम डोक्यावर घेतला, १९७७ मध्ये न्यूयॉर्कने तिला साफ नाकारले. आणि बावीस वर्षांनी, पासष्टी गाठलेला हा नट पुन्हा त्याच न्यूयॉर्कला गेला, ब्रॉडवेवर उभा राहिला आणि २००० साली तिथल्या रंगभूमीचा मानाचा विशेष टोनी पुरस्कार घेऊन आला. बाबा, तुम्ही दुकान दुसऱ्यांदा उघडलेत, त्या वर्षीचे तुमचे बोलणे मला या मजकुरापाशी आठवले.

मला त्यांचा प्रयोग प्रत्यक्ष पाहता आला नाही, पण ध्वनिचित्रफिती मी कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. शेवटी एडना ग्लॅडिओलसच्या फुलांच्या लांब दांड्या पुढच्या रांगांपासून मागच्या रांगांपर्यंत भिरकावते, ज्यांच्या हाती त्या लागतील त्यांना उभे करते आणि सगळ्यांकडून त्या तालावर डोलवून घेते. एका चित्रफितीत केसांना व्यवस्थित वळणे दिलेली एक वृद्ध बाई हसून हसून डोळे पुसते आहे आणि दुसऱ्या हातातली दांडी मात्र खाली येऊ देत नाही. जिची नक्कल चालली आहे, ती हीच बाई. हम्फ्रीज यांनी आईच्या पिढीवरच्या रागातून सुरुवात केली असेल; परंतु त्या बायकांचे बोलणे, थांबणे, कौतुकाच्या आत लपवलेला टोमणा, हे सगळे त्यांनी इतके कान देऊन ऐकले होते की, रागापेक्षा ते ऐकणेच शेवटी वरचढ ठरले, असे मला वाटते.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. पारलिंगी माणसांविषयी उतारवयात त्यांनी काढलेले उद्गार क्रूर होते. जो विनोद महोत्सव १९८७ मध्ये त्यांच्याच हातून इथे सुरू झाला, त्याने या उद्गारांनंतर २०१९ मध्ये आपल्या मुख्य पुरस्कारावरून त्यांचे नाव काढले, आणि ते योग्यच झाले. बाईच्या वेषात साठ वर्षे टाळ्या घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचे हे दुःख कळू नये, याचे मला फार वाईट वाटते. २२ एप्रिल २०२३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी ते सिडनीत वारले. इथे शहराच्या मध्यभागी 'डेम एडना प्लेस' नावाची एक गल्ली आहे. कामावर जाताना मी कधीकधी मुद्दाम त्या बाजूने जातो.

बाबा, तुम्ही सांगलीचे. जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पुरुषांनाच सीता करून रंगभूमीवर उभे केले, त्या गावाला पुरुषाचे लुगडे नवे नाही. आणि जत्रेतला तमाशा तुम्ही आजोबांची नजर चुकवून पाहिला आहे, हे तुम्हीच मला सांगितले होते. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, वाट अडवणारे कृष्ण आणि पेंद्या, आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी, डोक्यावरून पदर घेतलेली मावशी! ती पुरुषच असायची, आणि तिच्या वाक्यावाक्याला जत्रा हसायची. त्या नटाला कुणी कमी लेखले, तर तुम्हाला राग यायचा. तेवढाच न्याय मला द्या.

आई, माझी भूमिका इथे मुलाकडे राहायला आलेल्या एका मावशींची आहे, आणि ती उभी करताना मी तुलाच आठवतो आहे. फोन वाजला की तू आधी पदराला हात पुसतेस, हात कोरडे असले तरी पुसतेस, आणि 'हॅलो' न म्हणता 'हं, बोला' म्हणतेस. तीस वर्षे हे माझ्या डोळ्यांसमोर होते, पण तालमीत ते करायची वेळ आली तेव्हा पहिल्यांदा दिसले. ते करताना माझे सहकारी हसले, आणि मला तुझी इतकी आठवण आली की तालीम थोडा वेळ थांबवावी लागली. तुझी थट्टा व्हावी, असे माझ्या मनातही येणार नाही.

तुझी ती जांभळी इरकली, जी तू आता नेसत नाहीस, पुढच्या महिन्यात इकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवशील का? पदर खांद्यावरून किती लांब सोडायचा आणि चालताना निऱ्या कुठल्या हाताने उचलायच्या, तेही लिहून कळव. आणि बाबा, मावशी रंगमंचावर आल्या आल्या काय करायची, ते तुम्हाला जसे आठवेल तसे सविस्तर लिहा. तालीम दर शनिवारी असते.

तुमचा मुलगा