लॅपटॉप विकताय तर ८० टक्क्यांचं सेटिंग पण लावून द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

ॲडमिशनचा सीझन आला की राजारामपुरीत लॅपटॉपच्या दुकानांत गर्दी होते, गारगोटी, राधानगरी, गडहिंग्लजकडनं आईवडील पोराला घेऊन येतात, ऊसबिलातले पैसे बाजूला काढून चाळीस-पन्नास हजाराची वस्तू घेतात, आणि काउंटरवर सल्ला काय मिळतो तर "बॅटरी पार उतरू दे, मगच चार्जिंगला लावा". अहो हे जुन्या निकेल कॅडमियम बॅटरीचं शास्त्र झालं! आताच्या लॅपटॉपमध्ये लिथियम आयन असते, ती सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली, तरी आपलं अजून तेच चालूय. लिथियमला पार शून्यावर नेलेलं चालत नाही, आणि कायम १०० टक्के भरून ठेवलेलं पण सोसत नाही, त्यात गरम झाली तर अजून लवकर म्हातारी होते. हॉस्टेलवरची पोरं नेमकं हेच करतात, दिवसभर चार्जर लावलेला आणि लॅपटॉप गादीवर, म्हणजे खालनं हवा बंद.

खरं तर कंपन्यांनी सोय दिलेली असते. लेनोवोत व्हँटेज ॲपमध्ये कॉन्झर्व्हेशन मोड आहे, आसुसचं माय आसुस आहे, डेल-एचपीच्या बऱ्याच मॉडेलला बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडायची सेटिंगची स्क्रीन) सेटिंग मिळतं. ते चालू केलं की बऱ्याच मॉडेलला चार्जिंग साधारण ८० टक्क्यांवर थांबतं. ज्या दिवशी बाहेर जायचंय किंवा पावसानं लाईट जायची लक्षणं आहेत त्या दिवशी बंद करून फुल्ल करून घ्या, एवढंच. विकताना दुकानदारानं दोन मिनिटं काढून हे दाखवलं तर काय बिघडतंय? स्क्रीनगार्ड आणि बॅग विकायला वेळ असतोच की.

दुसरं, "बॅटरी गेली, बदला" असं कुणी म्हटलं तर लगेच पैसे काढू नका. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची खिडकी) उघडून powercfg /batteryreport असं टाईप करून एंटर मारा, एक फाईल तयार होते. त्यात डिझाईन कपॅसिटी (नवी असताना बॅटरीत किती मावायचं) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता किती मावतं) असे दोन आकडे बघा. समजा पहिला ५० हजार आणि दुसरा ४५ हजार असेल तर बॅटरी ठणठणीत आहे, खाणारं दुसरंच काहीतरी आहे. बहुतेक वेळा फुल्ल ब्राईटनेस, नाहीतर १४४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलेल अशी ठेवलेली स्क्रीन (६० वर आणा, टायपिंगला काय फरक पडत नाही), नाहीतर ब्राउझरमधले ढीगभर टॅब. बॅटरी वाढवणारी म्हणून जी फुकट ॲप्स मिळतात ती तर टाकूच नका, ती स्वतःच बॅटरी खात बसतात.

दुसरा आकडा निम्म्यावर आला असेल तर मात्र बदला. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर रिपोर्ट बघत बसू नका, बॅटरी फुगलेली असू शकते, चार्जर काढा आणि मेकॅनिककडे न्या. आणि जुनी बॅटरी घंटागाडीत नको, दबली की पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमात ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, मग विकणाऱ्या दुकानांनी निदान ती कुठं द्यायची त्याचा बोर्ड तरी लावावा. आपल्या पेपरनं शहरातल्या दुकानदारांना हे एकदा विचारून छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर