रिमोटचं सॉफ्टवेअर टाकून घेण्याआधी जरा बघा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचतोय. ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, सगळं बरोबर आहे, पण त्यात चोर नेहमी बाहेरून फोन करणारा असतोय. एनीडेस्क, म्हणजे लांबून आपली स्क्रीन बघू आणि चालवू देणारं रिमोटचं सॉफ्टवेअर, मोबाईलवर टाकायला लावून यूपीआयमधनं पैसे काढतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच सावध केलं होतं. आता आपल्या बेळगावच्या कारखान्यांत, उद्यमबागेत, मच्छेला, नाहीतर निपाणी-चिकोडीकडच्या क्रेडिट सोसायट्यांत हीच सॉफ्टवेअर आपण माणूस बोलावून, त्याला चहा पाजून टाकून घेतोय, त्याबद्दल कुणीच लिहीत नाही.

मी उद्यमबागेतल्या काही छोट्या युनिटची कॉम्प्युटरची कामं बघतो. अकाउंटच्या सॉफ्टवेअरला काय झालं तर हुबळीहून माणूस येईपर्यंत दिवस जातोय, त्यापेक्षा त्यानं तिकडनं स्क्रीन घेतली की काम झालं, त्यामुळं मी काय रिमोटच्या विरोधात नाही. पण एका गिऱ्हाइकाकडं बघतो तर सॉफ्टवेअरवाल्यानं कायमचा पासवर्ड लावून ठेवलेला, म्हणजे समोर कुणी नसलं, कुणी 'अ‍ॅक्सेप्ट' दाबलं नाही तरी थेट आत, आणि पासवर्ड काय तर त्याच्याच दुकानाचं नाव आणि पुढं १२३. विचारलं तर म्हणतो, "काय होत नाही ओ, सगळ्यांकडं तोच आहे." अरे बाबा, म्हणूनच तर विचारलं!

दुसरी गोष्ट पेनड्राइव्हची. इंजिनिअर लोकांच्या पेनड्राइव्हवर सेटअप फाइल वर्षानुवर्षं पडून असतात आणि त्याच सगळीकडं टाकत फिरतात. २०२४ च्या सुरुवातीला एनीडेस्क कंपनीच्याच सिस्टीममध्ये हॅकर शिरले, कंपनीनं स्वतः ते जाहीर केलं, फाइल आपलीच असल्याची डिजिटल सही ज्यावर चालते ते सर्टिफिकेट बदललं आणि नवीन व्हर्जन वापरा म्हणून सांगितलं. जुनी फाइल मात्र पेनड्राइव्हवर तशीच आहे. बरं, नवीन उतरवायची म्हणून सर्च केलं तर वर जाहिरातीत दिसणारी साइट खरी असेलच असं नाही, २०२३ मध्ये एनीडेस्कच्या नावाच्या १३०० च्या वर खोट्या साइट सापडल्या होत्या, त्यातनं पासवर्ड चोरणारा व्हायरस यायचा. म्हणून कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करायचा, फाइल उतरली की राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर, तिथं कंपनीचं नाव आहे का आणि सही चालू आहे का बघायचं. हा टॅबच नसला तर डबल क्लिक करायच्या आधी थांबा. व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाकून बघा, फुकट आहे, पण तिथं हिरवं आलं म्हणजे सगळं चांगलं असं समजू नका, कारण खरं, सहीचं रिमोट सॉफ्टवेअर चोराच्या हातात असलं तरी तिथं हिरवंच दिसतंय.

नवीन काही असेल तर मी आधी बाजूला पडलेल्या जुन्या लॅपटॉपवर टाकतो, तोसुद्धा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, ऑफिसच्या वायफायवर नाही. विंडोज प्रो असेल तर त्यात सँडबॉक्स, म्हणजे खऱ्या विंडोजला धक्का न लावता सॉफ्टवेअर चालवून बघायची वेगळी जागा, मिळतंय, होमवाल्यांना नाही. टाकल्यावर बघायचं की मशीन रिस्टार्ट झाल्यावर आपोआप चालू होतंय का, सर्व्हिसेसमध्ये (मागं न दिसता चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत) काय नवीन आलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, अनइन्स्टॉल केल्यावर खरंच जातंय का. काहींची सर्व्हिस मागं तशीच चालू राहते, आयकॉन गेला की मालक निर्धास्त.

आता मेशचं, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर इंटरनेटवरनं एकाच खाजगी नेटवर्कात जोडायचं, फॅड आलंय. जिओ-बिओचं इंटरनेट असलं की बाहेरून पोचता येईल असा स्वतःचा पत्ता मिळत नाही, मग घरी बसून कारखान्याचा कॅमेरा बघायला टेलस्केल, झीरोटियर, नेटबर्ड असलं टाकतात. सॉफ्टवेअर म्हणून चांगलीच आहेत. टेलस्केल ज्या वायरगार्ड नावाच्या सुरक्षित जोडणीवर चालतंय ते २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, कोड लहान आहे, जाणकारांनी तपासलेला आहे. पण कुठला कॉम्प्युटर तुमच्या नेटवर्कात घ्यायचा हे कंपनीचा सर्व्हर ठरवतोय आणि तुम्ही लॉगिन करता बहुतेक गुगलच्या खात्यानं, म्हणजे मालकाचं जीमेल गेलं की अख्खा कारखाना गेला. शिवाय नियम बदलले नाहीत तर त्यात सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात. कॅमेरा बघायला म्हणून आख्खं ऑफिस नेटवर्क जोडून ठेवलं आणि त्याच वायरवर विंडोज सेव्हनवरचं सीएनसी मशीन असलं, ज्याला २०२० पासून सिक्युरिटी अपडेटच येत नाहीत, तर काय होईल विचार करा. दोन स्टेपचं लॉगिन, नवीन मशीन आपण मंजूर केल्याशिवाय आत न घेणं, आणि कॅमेऱ्यापुरतीच वाट उघडणं, एवढं पहिल्या दिवशीच करून घ्यावं.

काही पोरं सांगतात, "ओपन सोर्स टाका, स्वतःचा सर्व्हर ठेवा, कुणाची भीती नाही." ते पण पूर्ण खरं नाही. रस्टडेस्क हे रिमोट सॉफ्टवेअर ओपन सोर्सच, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा असलेलं आहे, तरी त्याचं १.२.३ व्हर्जन विंडोजमध्ये न विचारता स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुणाच्या सहीवर विश्वास ठेवायचा ते विंडोज ज्यावरनं ठरवतंय ते) टाकत होतं, लोकांनी ओरड केली तेव्हा काढलं. कोड उघडा होता म्हणून सापडलं हे मान्य. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये स्क्रीनकनेक्ट या रिमोट सॉफ्टवेअरमध्ये मोठं भगदाड सापडलं तेव्हा कंपनीच्या क्लाउडवर असलेल्यांचं अपडेटचं काम कंपनीनंच केलं, स्वतःचा सर्व्हर ठेवणाऱ्यांची मात्र अपडेट टाकायला पळापळ झाली. आपल्याकडं सर्व्हर म्हणजे स्टोअररूममधला धूळ खाणारा डबा, त्याला अपडेट कोण टाकणार ते आधी ठरवा.

आपल्या चेंबर ऑफ कॉमर्सनं आणि फौंड्री क्लस्टरनं एक काम करावं अशी विनंती आहे. एएमसीचा, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या कराराचा कागद आपल्याकडं एक पानाचा असतोय, त्यात रक्कम आणि मुदत सोडून काही नसतंय. त्यातच लिहून घ्यायला लावा की कुठलं रिमोट सॉफ्टवेअर कुठल्या मशीनवर आहे, पासवर्ड कुणाकडं आहे, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा आहे का, आणि एएमसी संपली की कोण येऊन ते काढणार. सोसायट्यांत तर लोकांच्या ठेवी आहेत, तिथल्या संचालकांनी येत्या मीटिंगमध्येच हे विचारायला हरकत नाही.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव