हत्येवरचा नव्हे, हत्येनंतरच्या खटल्यावरचा चित्रपट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रॉबर्ट रेडफर्ड यांच्या निधनानंतर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. मात्र त्यांच्या दिग्दर्शनाचा आढावा घेताना ‘द कॉन्स्पिरेटर’ (२०१०) या चित्रपटाची बोळवण ‘लिंकन यांच्या हत्येवरचा चित्रपट’ अशा चार शब्दांत केलेली पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. हत्या या चित्रपटात सुरुवातीलाच उरकते. पुढचा सगळा वेळ मेरी सराट या विधवेवर चाललेल्या खटल्याचा आहे, आणि सातारच्या न्यायालयात पस्तीस वर्षे फौजदारी वकिली केलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो त्या खटल्यासाठीच.

१४ एप्रिल १८६५ रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात जॉन विल्क्स बूथ या नटाने अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली. अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दक्षिणेच्या जनरल ली यांनी शरणागती पत्करून तेव्हा पाचच दिवस झाले होते. त्याच रात्री परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांच्या घरात घुसून त्यांच्यावर सुऱ्याने वार करण्यात आले, आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन वाचले ते केवळ त्यांच्यावर नेमलेल्या मारेकऱ्याचे अवसान ऐनवेळी गळाले म्हणून. बूथ २६ एप्रिलला व्हर्जिनियातील एका कोठारात सैनिकाच्या गोळीने मेला. म्हणजे मुख्य आरोपी न्यायालयापर्यंत पोहोचलाच नाही, आणि लोकांचा सारा संताप उरलेल्या आठ जणांवर येऊन पडला. त्यांतली एकुलती एक स्त्री म्हणजे मेरी सराट. तिच्या वॉशिंग्टनमधील घरात भाडेकरू राहत, तेथे बूथचे येणेजाणे होते आणि तिचा मुलगा जॉन हा बूथचा साथीदार होता. जॉन कॅनडात पळाला, आई सापडली.

वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी मुलकी न्यायालये सुरू होती, तरीही हा खटला नऊ लष्करी अधिकाऱ्यांच्या आयोगापुढे चालवण्यात आला. ज्युरीला, म्हणजे निवाडा देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाला, निर्णय एकमताने द्यावा लागतो. येथे दोषी ठरवायला साधे बहुमत आणि फाशी द्यायला दोन-तृतीयांश, म्हणजे नवांतली सहा मते पुरेशी होती. अपील नाही. शिक्षा कायम करायची की नाही हे ठरवणार अध्यक्ष जॉन्सन, जे स्वतःच त्या कटाचे एक लक्ष्य होते. आरोपीला स्वतःची साक्ष देण्याची मुभा नव्हती, हे चित्रपट पाहताना फार खटकते. पण तो त्या काळचा सर्वसाधारण नियमच होता, त्याचे खापर आयोगावर फोडता येत नाही. युद्धमंत्री स्टँटन (केव्हिन क्लाइन) यांना चित्रपटाने खलनायक केलेले नाही, हे मला विशेष वाटते. चार वर्षांच्या यादवीनंतर देश पुन्हा पेटू नये म्हणून हा खटला लवकर संपावा, अशी त्यांची भूमिका आहे आणि ती ऐकताना क्षणभर आपल्यालाही पटते.

बचावाचे वकील फ्रेडरिक एकेन (जेम्स मॅकअव्हॉय) उत्तरेच्या सैन्यातून नुकतेच परतलेले असून हे वकीलपत्र त्यांना नकोच आहे. ज्येष्ठ वकील व सिनेटर रेव्हर्डी जॉन्सन खटला त्यांच्या गळ्यात घालून स्वतः बाजूला होतात. प्रत्यक्षात एकेन यांच्याबरोबर जॉन क्लॅम्पिट हे आणखी एक तरुण वकील होते. चित्रपटाने सारा भार एकट्या एकेन यांच्यावर टाकला आहे. तेवढी सूट मी देईन.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. मेरी सराटवरचा पुरावा मुख्यतः दोन साक्षीदारांचा होता. एक तिच्याच घरातला भाडेकरू लुई वाइकमन, आणि दुसरा जॉन लॉइड, ज्याने तिची सराट्सव्हिलची खानावळ चालवायला घेतली होती. हत्येच्या दिवशी दुपारी ती तेथे आली, बूथने दिलेले पुडके तिने पोहोचवले आणि बंदुका तयार ठेवायला सांगितले, असे लॉइडने शपथेवर सांगितले. लॉइड पक्का दारुडा होता, शिवाय दोघांचीही मान अडकण्याची भीती होती, त्यामुळे उलटतपासणीला वाव भरपूर. तरीही अनेक इतिहासकारांच्या मते तिला काहीच ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. चित्रपट मात्र हळूहळू तिच्या निर्दोषत्वाकडे झुकतो. रॉबिन राइट यांचा करारी, मिटल्या ओठांचा चेहरा पाहून प्रेक्षकही झुकतो. तेथेच पटकथेने स्वतःचा मुद्दा कमकुवत केला असे मला वाटते. रीतसर न्यायालय आणि ज्युरी मिळण्याचा हक्क काही फक्त निरपराध माणसाचा नसतो. ती दोषी असण्याची दाट शक्यता मान्य करूनही एकेन त्याच जिद्दीने लढले असते, तर चित्रपट अधिक धारदार झाला असता.

शेवटचे दोन दिवस मात्र रेडफर्ड यांनी फार संयमाने दाखवले आहेत. नऊपैकी पाच अधिकाऱ्यांनी तिच्यासाठी दयेची शिफारस केली होती. आपल्यापुढे ती शिफारस कधी आलीच नाही, असे अध्यक्ष जॉन्सन नंतर म्हणत राहिले, तर आपण ती दाखवली होती, असे सरकारी बाजू मांडणारे होल्ट म्हणत राहिले. फाशीच्या दिवशी पहाटे न्यायाधीश वायली यांनी तिला न्यायालयापुढे हजर करण्याचा हेबियस कॉर्पसचा आदेश काढला आणि काही तासांतच अध्यक्षांनी तो या प्रकरणापुरता स्थगित केला. ७ जुलै १८६५ रोजी दुपारी तिच्यासह चौघांना फासावर चढवण्यात आले. उन्हाचा ताप होऊ नये म्हणून तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. त्या दिवशीच्या छायाचित्रांतही छत्र्या दिसतात.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिलिगन प्रकरणात ठरवले की, जेथे मुलकी न्यायालये सुरू आहेत तेथे सामान्य नागरिकावर लष्करी आयोगापुढे खटला चालवता येणार नाही. मुलगा जॉन इजिप्तमध्ये पकडला गेला, १८६७ मध्ये मुलकी न्यायालयात ज्युरीपुढे उभा राहिला, ज्युरीचे एकमत झाले नाही आणि अखेर तो सुटला.

हे वाचताना मराठी वाचकाला गांधीहत्येचा खटला आठवल्यावाचून राहणार नाही, कारण त्यातले बहुतेक आरोपी आपल्याच भागातले होते. तेथेही विशेष न्यायालय नेमले गेले आणि तेही लाल किल्ल्यात बसले. पण न्यायाधीश आत्माचरण मुलकी होते, सावरकरांना त्यांनीच निर्दोष सोडले आणि शिक्षा झालेल्यांना अपिलाची वाट मोकळी होती. सिमल्यात बसणाऱ्या पंजाब उच्च न्यायालयाने १९४९ च्या जूनमध्ये डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या यांची जन्मठेप रद्द करून दोघांना मुक्त केले. राष्ट्रपित्याच्या हत्येला दीड वर्षही झाले नव्हते, त्या वेळचे वातावरण ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना हे सोपे नव्हते एवढे नक्की कळेल. वॉशिंग्टनमध्ये अटकेपासून फाशीपर्यंत तीन महिनेही लागले नाहीत.

जाता जाता एक तपशील. या खटल्यानंतर काही वर्षांनी एकेन वकिली सोडून वृत्तपत्रात शिरले आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पहिले शहर संपादक झाले. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर तसा उल्लेखही येतो. निदान तुमच्या व्यवसायबंधूचा चित्रपट म्हणून तरी आपल्या लेखकाने त्याला चारापेक्षा जास्त शब्द द्यायला हवे होते.

आपला,
एक निवृत्त वकील, सातारा