गोंदियाच्या काका-काकूंना, नागपूरच्या सोळा पोरींच्या मॅडमकडून

आदरणीय काका आणि काकू,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही फोनवर दोनदा बजावलंत, म्हणून ते या पत्रात नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे. त्या रात्रीची गोष्ट आमच्या सोळा मुलींच्या घरी सोळा तऱ्हांनी सांगून झाली आहे. एका घरात तर तुम्ही पोलीस खात्यातले साहेब आहात अशी समजूत आहे. म्हटलं, जसं घडलं तसं एकदा नीट लिहून काढावं.

त्या रात्री गोंदिया स्टेशनवर मी तुम्हाला सगळं सांगू शकले नाही. आमच्या शाळेचा मुलींचा हॉकीचा संघ पहिल्यांदाच बाहेरगावी निघाला होता. छत्तीसगडमधल्या राजनांदगावला चौदा वर्षांखालील मुलींच्या सामन्यांचं बोलावणं आलं, त्या दिवशी वर्गावर्गांत नुसता कल्ला झाला होता. राजनांदगावला हॉकीची नर्सरी म्हणतात हे आमच्या पोरींना पाठ आहे. रेणुका यादव तिथलीच. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकनंतर तब्बल ३६ वर्षांनी, २०१६ साली रिओला भारताचा महिला हॉकी संघ गेला, त्या संघात ती होती. तिच्या गावच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, आपण खेळणार, एवढ्यावरच पोरी आठवडाभर तरंगत होत्या. आमचा सराव शाळेच्या मुरमाच्या मैदानावर चालतो. तिथे चेंडू खड्यावर आपटून कुठेही उडतो आणि पोरींचे गुडघे बाराही महिने सोललेले असतात.

पण परवानग्या मिळवायला मला तीन आठवडे लागले. पाचपावली, इंदोरा, टेका नाका, घरोघरी फिरले. खेळाला कोणाचा विरोध नव्हता. प्रत्येक घरात एकच विचारणा. मुक्काम कुठे, सोबत बाईमाणूस कोण, आणि रात्रीचा प्रवास नाही ना? मी छातीठोकपणे सांगत होते, अंधार पडायच्या आसपास आपण मुक्कामी असू. आमच्या गोलकीपरचे बाबा भाजीचा ठेला लावतात. त्यांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरवशावर पाठवतो. रात्री नऊ वाजता रोज मला पोरीचा आवाज ऐकू आला पाहिजे." त्यांनी सही केली ती ठेल्यावर, वजनाच्या काट्याच्या बाजूला कागद ठेवून.

आता विचार करा, काका, त्या दिवशी माझ्या पोटात काय कालवलं असेल.

दुपारी साडेतीनला नागपूरच्या इतवारी स्टेशनहून निघालो. तुमसर रोडच्या पुढे गाडी जी रखडली ती रखडलीच. गोंदियाला उतरलो तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि फलाटावर कळलं की ही गाडी आज इथून पुढे जाणार नाही. पुढची गाडी रात्री दोननंतर, तीही लांबून भरून येणारी. जनरलच्या डब्यात सोळा मुली, सोळा बॅगा, स्टिकांचा गठ्ठा आणि गोलकीपरच्या सामानाचं ते भलंमोठं बोचकं. सोबत मी आणि कॉलेजात शिकणारी आमची माजी कर्णधार. सकाळी आठला पहिला सामना. वेळेवर मैदानात उतरलो नाही तर समोरच्या संघाला वॉकओव्हर.

मी पोरींना भिंतीला टेकून गोल बसवलं आणि फोन लावत सुटले. दोन गाडीवाल्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने पोरी आहेत हे ऐकून असा दर सांगितला की माझ्या पर्समधले सगळे पैसे संपले असते आणि त्याच्या बोलण्याचा सूरही मला आवडला नाही. नऊच्या फोनचीही वेळ टळून गेली होती. गोलकीपरने फोन हातात घट्ट धरून ठेवला होता, पण बाबांना लावत नव्हती. "काय सांगू मॅडम, कुठे आहे म्हणून?" असं तिने विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हा तुम्ही आलात. पाहुण्यांना गाडीत बसवून परत निघाला होतात. स्टिकांचा गठ्ठा पाहून थांबलात आणि आमच्या सगळ्यात लहान पोरीला विचारलंत, "बाई, कुठं चालला हा मेळा?" तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "मॅडम, माझी टेम्पो ट्रॅव्हलर आहे. सकाळी वऱ्हाड न्यायचं आहे, पण रात्र मोकळी आहे. मी सोडतो पोरींना."

काका, खरं सांगते, मला भीती वाटली. अनोळखी माणूस, रात्रीची वेळ, दुसऱ्या राज्यात जायचं. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण मी काही बोलायच्या आत तुम्हीच खिशातून लायसन्स काढून माझ्यासमोर धरलंत. "ह्याचा फोटो काढा. गाडीच्या नंबरचा काढा. पोरींच्या घरी पाठवा. मग स्टेशनवरच्या पोलीस चौकीत चला, तिथं माझं नाव लिहवून ठेवा. आणि आमची ही सोबत येते. बाई गाडीत असली की पोरींना बरं वाटते."

मी तोपर्यंत गाडी शोधत होते. पोरींच्या आईबापांना झोप कशी लागेल, हे तुम्ही आधी बघितलंत. तुम्ही मला सांगितलंत त्यातली एकही गोष्ट मी मागितली नव्हती. मागायचं धाडससुद्धा मला झालं नसतं, कारण मदत करायला आलेल्या माणसाकडे लायसन्स कसं मागायचं?

चौकीतल्या हवालदारांनी वहीत नोंद केली आणि आपला फोन नंबरही दिला. तुम्ही घरी गेलात. पाऊण तासाने परत आलात तेव्हा काकू पुढच्या सीटवर होत्या, डोक्याला शाल गुंडाळलेली, मांडीवर झाकण लावलेलं पातेलं. शेजारच्या लग्नघरून भात आणि आलूवांग्याची भाजी भरून आणली होती त्यांनी. विदर्भातल्या लग्नाचं आलूवांगं म्हणजे काय हे नागपूरकरांना सांगायला नको. पोरींनी दुपारपासून चिवड्यावर काढलेली. गाडी आमगावला पोचायच्या आत पातेलं रिकामं झालं. पत्रावळी नव्हत्या, डब्यांच्या झाकणांवर वाढलं, आणि काकू मागे वळून वळून "तुला भेटलं का, बाई?" असं एकेकीला विचारत होत्या.

मग त्यांनी गोलकीपरला विचारलं, "तू काहून जेवत नाहीस?" ती रडायलाच लागली. काकूंनी फोन आपल्या हातात घेतला आणि तिच्या बाबांना लावून दिला. आधी पोरगी बोलली, मग काकू बोलल्या. ते शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "भाऊ, मी तुमच्या पोरीच्या बाजूला बसली आहे. मलाही दोन पोरी आहेत. राजनांदगाव आलं की पुन्हा फोन करते, कितीही वाजू द्या, तुम्ही उचला." आणि त्या खरोखरच उठून मागे आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. उरलेला सगळा रस्ता तिथेच होत्या.

देवरीला मोठ्या रस्त्याला लागल्यावर तुम्ही एका धाब्यासमोर, भरपूर उजेडात गाडी उभी केलीत. पोरींना बाथरूमला न्यायला काकू आधी स्वतः जाऊन बघून आल्या, मग चौघी-चौघींना घेऊन गेल्या. तेवढ्यात गोलकीपरने आपलं बोचकं तपासलं आणि तिच्या डाव्या लेगगार्डचा मधला पट्टा मुळापासून उसवलेला निघाला. गाडीच्या खिडकीतून सामान ओढताना फाटला असावा. ज्यांनी हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लेगगार्ड म्हणजे मांडीपासून पावलापर्यंत बांधायचं जाड फोमचं कवच. पट्टा नसेल तर ते धावताना फिरतं, पाय उघडा पडतो, आणि पंच तशा गोलकीपरला उभं राहू देत नाहीत, देऊही नये. दुसरा जोड आमच्याकडे नव्हता. तो एक जोडही तीन वर्षांच्या वर्गणीतून घेतलेला.

काका, तुम्ही डिकीतून ताडपत्री शिवायची दाभण आणि सुतळी काढलीत. काकूंनी लेगगार्ड मांडीवर आडवं घेतलं. गाडीतला पिवळा दिवा, त्यावर दोन पोरींनी धरलेले मोबाइलचे उजेड. फोम इतका घट्ट की दाभण आत जाईना. काकूंनी तिचं टोक नारळाच्या तेलाच्या बाटलीत बुडवलं, मागचा भाग पदराच्या घडीत धरून दाबला आणि पलीकडून तुम्ही पकडीने ओढलीत. एकेक टाका असा दोघांनी मिळून घातलात. आधी पट्ट्याच्या कडेने चौकोन, मग त्यात फुली. शेवटी सुतळीची गाठ काकूंनी आतल्या बाजूला घेतली, "पायाला टोचाले नको" म्हणून. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. पोरगी समोर उकिडवी बसून डोळ्याची पापणी न हलवता बघत होती.

राजनांदगावला पावणेदोनला पोचलो. मुक्कामाच्या ठिकाणच्या ताईंच्या हाती आम्हाला सोपवल्याशिवाय तुम्ही हलला नाहीत. काकूंनी ठरल्याप्रमाणे फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला.

पैशांचं तुम्ही फक्त डिझेल आणि टोलचं घेतलंत. जबरदस्तीने जास्त द्यायला गेले तर तुम्ही म्हणालात, "वऱ्हाड देते ना मॅडम मला उद्या." आणि तसेच परत फिरलात. तुम्हाला आठ वाजता वऱ्हाड घेऊन निघायचं होतं आणि आम्हाला आठ वाजता मैदानात उतरायचं होतं.

सामन्यांचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही फोनवर विचारलं होतंत आणि मी धड सांगू शकले नव्हते. पहिला हरलो, ०-२. पाणी मारलेल्या निळ्या टर्फवर चेंडू इतका सरळ आणि इतका वेगात येतो हे आमच्या पोरींना ठाऊकच नव्हतं. स्टिक खाली येईपर्यंत चेंडू पुढे गेलेला असायचा. दुसऱ्या सामन्यात जमायला लागलं, पेनल्टी कॉर्नरवर एक गोल झाला आणि तो शेवटपर्यंत टिकवला. शेवटची चार-पाच मिनिटं समोरचा संघ आमच्या डीमध्येच, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलातच, तळ ठोकून होता. त्यातला एक पुश डाव्या खांबाच्या अगदी आतून जात होता. आमची गोलकीपर डावा पाय लांबवून जमिनीला टेकली आणि चेंडू लेगगार्डवर आपटून बाहेर गेला. मी धावत जाऊन बघितलं तेव्हा सुतळीचा एकही टाका हललेला नव्हता. तिसरा सामना हरलो आणि गटातच राहिलो.

२ ऑगस्ट २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताची गोलकीपर सविता पुनियाने ऑस्ट्रेलियासमोर गोल अडवून धरला आणि आपण १-० ने जिंकलो, तो सामना आमच्या गोलकीपरने मोबाइलवर कितीदा पाहिला असेल याला गणती नाही. राजनांदगावहून परतल्यावर तिने आपल्या बाबांना दाखवलं ते मात्र ती सुतळीची फुली. तिचे बाबा तो पट्टा हातात घेऊन, उलटा करून, आतली गाठ चाचपून बघत होते.

आणि ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते आता सांगते. पुढच्या महिन्यात आम्हाला पुन्हा एका ठिकाणी जायचं आहे. यावेळी मी एकाही घरी गेले नाही. परवानगीचे कागद पोरींबरोबर घरी पाठवले आणि तिसऱ्या दिवशी सोळाच्या सोळा सह्या होऊन परत आले. गोलकीपरच्या बाबांचा कागद सगळ्यात आधी आला. नऊच्या फोनची अट यावेळीही आहे, ती राहू द्यावी असं मलाही वाटतं. दोन नव्या मुलीही संघात आल्या आहेत. त्यातल्या एकीची आई मला म्हणाली, "त्या गोंदियावाल्या बाईंबद्दल ऐकलं, म्हणून पाठवते." ती रात्र वेगळी गेली असती, मुली फलाटावर बसून राहिल्या असत्या किंवा त्या तिसऱ्या गाडीवाल्याच्या गाडीत मला त्यांना बसवावं लागलं असतं, तर हे कागद परत आलेच नसते. आमचा संघ त्याच स्टेशनवर संपला असता, काका. मी रोज मैदानात शिट्टी वाजवते तेव्हा हे माझ्या मनात असतं.

एक राहिलं. काकू, तुमचं पातेलं आमच्याकडेच आहे. त्या गडबडीत बॅगांच्या खाली गेलं आणि नागपूरला येऊन निघालं. पितळेचं आहे, काठावर तुमचं नाव आणि लग्नाचं साल कोरलेलं आहे, म्हणजे माहेरचं असणार. पोरींनी चिंच लावून घासून ठेवलं आहे, शाळेच्या कपाटात, स्टिकांच्या वरच्या फळीवर. पुढच्या महिन्यात आमची गाडी गोंदियावरूनच जाणार आहे. तारीख आणि वेळ फोनवर कळवते. फलाटावर याल का? रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून गोलकीपरच्या आईने त्यात रव्याचे लाडू भरून द्यायचं ठरवलं आहे.

तुमच्या दोन्ही मुलींना आमच्या सोळा जणींचा नमस्कार.

तुमची,
पोरींची मॅडम
नागपूर