वॉरच्या चर्चेत बोलणार कोण? क्लॅनमधल्या सगळ्यांसाठी सूचना

मंडळी, क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधल्या परवाच्या वॉरमध्ये (दुसऱ्या क्लॅनशी, म्हणजे गटाशी, लढाईत) आपल्या १५ जणांपैकी चौघांनी एकही अटॅक केला नाही. माणशी दोन, म्हणजे आठ अटॅक पाण्यात. आणि हरल्यावर "तीन नंबरचा बेस (समोरच्याचं गाव) ड्रॅगनने मारायला हवा होता" हे सांगायला सगळ्यात आधी कोण आलं? त्या चौघांतलेच दोघं!

तेव्हा यापुढे कोण कुठला बेस घेणार, कोणाला एल्डर (क्लॅनमधलं वरचं पद) करायचं, या चर्चेत फक्त खेळणाऱ्यांनीच बोलायचं. खेळणारा म्हणजे गेल्या दोन वॉरमध्ये दोन्ही अटॅक वापरलेला. एकच स्टार आला तरी चालेल, अटॅक झाला पाहिजे.

परीक्षा, नाइट शिफ्ट, घरचं कार्य असेल तर आधीच प्रोफाइलमधलं वॉरचं बटण लाल (म्हणजे "मी वॉरमध्ये नाही") करून ठेवा, ते वॉर हिशेबात धरणार नाही. दोन सेकंदांचं काम आहे हो.

क्लॅनमध्ये जागा ५०च. महिनाभर न फिरकलेल्यांना रविवारी रात्री काढतोय. परत यायचं असेल तर रिक्वेस्ट टाका, जागा असली तर घेऊ.

बाकी गप्पाटप्पांना कोणालाच बंदी नाही.

– लीडर